मुलाचं निवासी घर: दोन वर्षांनंतर, पाचपैकी साडेतीन

स्टार द्यायचेच झाले तर पाचपैकी साडेतीन. दीड कुठं कापला ते पुढं येईल.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तक्रारी लिहायच्या आहेत आणि पोरगं तिथंच राहतं, एवढं कारण पुरे. पुण्याच्या अलीकडे, महामार्गापासून तीनेक किलोमीटर आत दोन मजली बंगला आहे. सहा दिव्यांग पुरुष राहतात. सगळ्यात लहान चोवीसचा, मोठा बावन्नचा. आमचा धाकटा आता तेहतीसचा. जून २०२३ मध्ये तिथं ठेवला. नात्यातलं कुणी "पोराला टाकलं" म्हणतं, कुणी "सुटलात एकदाचे" म्हणतं. दोघांनाही २०२१ साली आमच्या घरी आठवडाभर मुक्कामाला बोलवायला हवं होतं.

मी एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर आणि शेवटची चार वर्षं वाहतूक नियंत्रक, कराडला. हे सांगायचं कारण असं की धाकट्याची सगळी भाषा गाडीतून आलेली आहे. त्याला ऑटिझम आहे आणि जोडीला बौद्धिक अक्षमता. बोलतो ते दहा-बारा शब्द, त्यातले चार स्टॉप: कराड, उंब्रज, नागठाणे, सातारा. शाळेत टिकला नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला गाडीनं फिरवायचो. जुना तिकिटाचा पंच हातात दिला की तासभर टकटक करत बसायचा. निवृत्तीनंतर तर रोजचाच नेम झाला. सकाळी दहाच्या गाडीनं उंब्रजला जायचं, उतरायचं, उभं राहायचं, परतीच्या गाडीनं यायचं. त्याचा दिवस त्यावर उभा होता.

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. त्याला काय सांगणार? ऑगस्टात सुरू झाल्या तर गर्दी, मास्क, कुणी शेजारी बसू देईना. कसंबसं बसलं बस्तान, तर २०२१ च्या दिवाळीत संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत. स्टँडवर नेला की रिकामा फलाट बघून तिथंच लोळण घ्यायचा.

संस्थांच्या भाषेत अशा माणसाला "बिहेवियर आहे" म्हणतात. ताप आहे म्हणावं तसं. आमच्याकडचं बिहेवियर म्हणजे स्वतःच्या अंगठ्याच्या मुळाशी कडाडून चावणं, जेवता जेवता ताट भिरकावणं आणि आईचे केस धरणं. केस सोडवताना एकदा हिचं मनगट मोडलं. स्टीलची ताटं गेली, प्लास्टिकची आली, मग पत्रावळी आल्या. त्याला राग येऊ नये एवढंच घराचं काम उरलं. कुकर लावायचा तो तो झोपल्यावर. मिक्सर शेजारणीकडं. पाहुणे बंद. बूट मी घालायचो, दात मी घासायचो, भात ही कालवून द्यायची. तिशीतला पुरुष, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःच्या हातानं करायचं एक काम त्याला राहिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं आम्ही जपतोय.

या जागेआधी दोन ठिकाणी ठेवून बघितला. एका ठिकाणाहून नवव्या दिवशी फोन आला, "हा आमच्यात बसत नाही, घेऊन जा." दुसऱ्या ठिकाणी पाच महिने राहिला, अगदी शांत. भेटायला गेलो की खुर्चीत बसलेला, लाळ गळतेय, डोळे अर्धे मिटलेले. कपडे दोन मापांनी वाढले होते. त्याला शांत ठेवायला रिस्पेरिडोनची गोळी देत होते. तिनं वजन वाढतं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. शांतता आणि सुधारणा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पाच महिन्यांनी शिकवलं.

आता या घराबद्दल.

पहिली गोष्ट पटली ती त्यांच्या प्रश्नांची. बाकीच्यांनी विचारलं होतं, मारतो का, पळतो का, फिट येते का. इथं समोर बसलेल्या बिहेवियरच्या मॅडमनी, म्हणजे वागणं समजून घेणाऱ्या तज्ज्ञांनी, विचारलं, "त्याला एखादी गोष्ट नको असेल तर तो कसं सांगतो?" मी म्हटलं, ओरडतो. "ओरडायच्या आधी?" मी हिच्याकडं बघितलं, हिनं माझ्याकडं. "आणि पुरे झालं की?" ताट फेकतो. "म्हणजे फेकायच्या आधी, काका." तीस वर्षं पोर सांभाळलेली दोन माणसं, आणि दोघांकडं उत्तर नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. कमीपणा दिला नाही, पण मला तो बरोबर पोचला.

दुसरं म्हणजे कागदपत्रं त्यांनी चोख मागितली, आणि इथं बऱ्याच पालकांचा घोळ होतो म्हणून लिहितो. मुलगा अठराचा झाला की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, तो कितीही अवलंबून असला तरी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. समितीत जिल्हाधिकारी असतात. मला हे मुलगा एकतिसाचा झाल्यावर कळलं. शिवाय त्याचा जुना दाखला नुसता "मतिमंद" म्हणून होता, कारण १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात ते आलं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नव्यानं काढून घेतलं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचा फॉर्मही संस्थेनंच भरून दिला, वर्षाला एक लाखापर्यंत उपचारांचा खर्च मिळतो. जी संस्था हे कागद मागत नाही आणि लगेच बॅग आत घ्यायला तयार होते, तिथून बॅग उचलून परत यावं.

आता वाटीची गोष्ट. ही मी स्वतः बघितली, म्हणून सविस्तर सांगतो.

धाकटा पोट भरलं की ताट भिरकावतो हे त्यांनी दुसऱ्या दिवशीच हेरलं. आम्ही त्याला हट्ट म्हणायचो. मॅडमचं म्हणणं, असं वागण्याची कारणं साधारण चार सापडतात: काहीतरी हवं असतं, काहीतरी नको असतं, कुणीतरी बघायला हवं असतं, नाहीतर नुसतं अंगालाच ते बरं वाटतं. हे दुसऱ्यातलं. जेवण थांबवायचं आहे आणि सांगायला शब्द नाही. ताट फेकलं की जेवण थांबतं, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं, दिवसातून दोनदा, बिनचूक.

त्यांनी त्याला वाटी उपडी घालायला शिकवली. रिकामी स्टीलची वाटी ताटाशेजारी ठेवायची. चार घास झाले की शेजारी बसलेला दादा, म्हणजे सांभाळणारा माणूस, त्याचा हात धरून वाटी उपडी घालणार, म्हणणार "पुरे", आणि लगेच ताट उचलणार. लगेच म्हणजे लगेच, पोळी अर्धी असली तरी. मग दहा मिनिटांनी पुन्हा वाढायचं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, सुरुवातीला वाढेल, घाबरू नका. वाढलंच. पहिले दोन आठवडे ताट भिंतीवर, वाटी भिंतीवर, एकदा वरणाचं भांडं दादाच्या पायावर. मला फोन करून सांगितलं. लपवलं नाही. मी म्हटलं, पत्रावळी आणून देऊ का? तर म्हणे, "नको काका, स्टीलचंच राहू दे, त्याला घरातल्यासारखं जेवता यायला हवं."

दीड महिन्यानं आम्ही गेलो तेव्हा मी त्याच्या समोरच्या बाजूला जेवायला बसलो होतो. ज्वारीची भाकरी, मेथी, वरण. अर्धी भाकरी झाली, हात थांबला. मी सवयीनं माझं ताट मागं ओढलं. हिनं केसांवर हात धरला. धाकट्यानं वाटीकडं बघितलं, दादाकडं बघितलं. दादा जागचा हलला नाही, मदतीला हातही केला नाही. मला वाटलं, अरे बाबा, धर त्याला. पाच-सात सेकंद गेले असतील. मग त्यानं दोन बोटांनी वाटी उचलली आणि उपडी घातली. आवाजसुद्धा झाला नाही. "पुरे का? बरं," म्हणून दादानं ताट उचललं. बस्स, एवढंच. टाळ्या वगैरे काही नाही. ही पदर तोंडाला लावून बाहेर व्हरांड्यात गेली.

त्या पाच-सात सेकंदांचे मी पैसे देतो, असं माझं मत झालं आहे. घरी आम्ही एवढं कधी थांबलोच नाही.

आता थांबण्याचंच निघालं तर उंब्रज. हा शब्द तो वेळी-अवेळी म्हणायचा. आम्ही समजायचो, गाडीची आठवण आली. तिथल्या एका मावशींनी वेगळं टिपलं. आंघोळीच्या पाण्याची वाट बघताना म्हणतो, लाइट गेली की म्हणतो, भाजी गरम होईस्तोवर म्हणतो. त्यांनी मला विचारलं, उंब्रजला तुम्ही काय करायचात? मी म्हटलं, काही नाही, परतीच्या गाडीसाठी उभं राहायचो. आणि माझंच मला समजलं. उंब्रज म्हणजे थांबायचं, पण गाडी येते. आता त्या घरात सगळे तोच शब्द वापरतात. स्वयंपाकाच्या मावशी लातूरकडच्या, त्यांनी उंब्रज जन्मात बघितलेलं नाही. कुकरची शिट्टी होत नाही तोवर ओट्यापाशी उभ्या राहून त्याला सांगतात, "उंब्रज रे, उंब्रज."

तिसरी गोष्ट माझ्या अंगावर आलेली. ती लिहायला नको वाटत होतं.

तिथं प्रत्येक प्रसंगाची नोंद करतात. तीन रकाने: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. मी बघितल्याबरोबर ओळखलं, हे कंडक्टरचं वेबिल आहे. कुठल्या स्टॉपला किती चढले, किती उतरले, मग कॅश जुळते. सहा महिन्यांनी मॅडमनी तीन महिन्यांचे कागद माझ्यापुढं ठेवले. "तुम्हाला तक्ते वाचायची सवय आहे, काका. तुम्हीच बघा." चावण्याच्या चौदा नोंदी. "आधी" च्या रकान्यात नऊ ठिकाणी लिहिलेलं: वडिलांचा फोन.

मला राग आला. बापानं फोन करू नये का? मॅडम म्हणाल्या, वेळ बघा. सकाळी पावणेआठ, दुपारी दोन, रात्री साडेनऊ, एकदा सकाळी सहा. मला आठवण आली की मी लावायचो. तो आंघोळीत असेल, कामाला बसला असेल, नाहीतर झोपायला निघाला असेल, तिथून त्याला उठवून फोन कानाला लावायचे. एक मिनिट माझा आवाज, आणि मग बंद. मी येणार की नाही, त्याला कसं कळावं? एकतीस वर्षं लोकांना गाडीची वेळ सांगून पोट भरलं. गाडी दहा मिनिटं लेट झाली की पॅसेंजर खिडकीशी येऊन माझी आई-बहीण काढायचे, आणि मी त्यांना ते चुकीचं म्हणायचो नाही. पोराच्या बाबतीत मात्र मी विनावेळापत्रक.

आता बुधवार आणि रविवार, संध्याकाळी सात दहा. त्याच्या फळ्यावर चित्रांचा दिनक्रम लावलेला असतो, त्यात या दोन दिवशी फोनचं चित्र असतं. बोलणं झालं की ते चित्र तो स्वतः काढून खोक्यात टाकतो. पुढच्या तीन महिन्यांत फोनच्या रकान्यात एकच नोंद होती. त्या दिवशी घाटात रेंज गेली आणि मी सात चाळीसला लावला. त्या वेळीही चावला नाही, नुसता दाराशी उभा राहिला होता. नोंद माझी होती म्हणायची.

चांगलं अजून आहे, पण भरभर सांगतो. बूट स्वतः घालतो, वेल्क्रोचे. दात घासतो, आरशात बघत, फार वेळ. दुपारी तासभर कामाला बसतो. संस्था आसपासच्या कारखान्यांकडून फायलींची किरकोळ कामं आणते. टॅगला भोक पाडायचं काम त्याला दिलं आणि ते त्याचंच झालं. पंच हातात, टकटक सुरू. महिन्याला साडेतीनशे रुपये मिळतात. त्यातले दहा घेऊन सोबतच्या दादाबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि ग्लुकोजचा पुडा घेतो. एकदा दुकानदारानं सुटे नाहीत म्हणून चॉकलेट दिलं तर उभाच राहिला, हललाच नाही. कंडक्टरचा पोरगा आहे, सुट्ट्या पैशाचं त्याला पटणारच नाही. वजन नऊ किलो उतरलं. गोळी बंद झालेली नाही. मानसोपचाराचे डॉक्टर ती हळूहळू खाली आणतात, एकदम तोडत नाहीत. ते बरोबरच आहे, आपण घरी परस्पर तोडू नये.

एसटीचा प्रवास पुन्हा सुरू करायला मात्र त्यांनी आठ महिने घेतले. धोका आहे, रस्ता आहे, स्टाफ नाही. मी मागं लागलो. आता मंगळवारी एक दादा त्याला घेऊन जवळच्या स्टँडपर्यंत जातो आणि परत येतो. कार्ड तो स्वतःच्या खिशातून काढून कंडक्टरला दाखवतो. दिवाळीला घरी आणतो तेव्हा बायकांना २०२३ पासून अर्धं, मी पासष्ट ओलांडलेला म्हणून मला अर्धं, आणि दिव्यांगांना पंचाहत्तर टक्के सवलत म्हणून त्याला पाव. तिघं मिळून सव्वा तिकिटात कराड. दुसरीकडं कुठं असा हिशोब बसतो?

आता कापलेले दीड.

एक पूर्ण स्टार दाढेसाठी. गेल्या वर्षी ऑक्टोबरात धाकटा एकाएकी डोकं भिंतीवर आपटायला लागला. रात्रीही. मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं आठवडाभर नोंदी केल्या, कारण सापडेना, आणि डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगावं असं ठरत आलं. मी गेलो. बघितलं तर उजव्या बाजूनं खातच नव्हता. भाकरीचा घास डाव्या गालात. मी म्हटलं, तोंड उघडून बघा आधी. दोन दिवस त्यावर चर्चा. दातांच्या डॉक्टरांकडं नेला तेव्हा खालची दाढ पार किडलेली निघाली. काढली. चौथ्या दिवशी आपटणं बंद. सुरू झाल्यापासून अकरा दिवस गेले होते. बोलता न येणाऱ्या माणसाचं वागणं एकदम बदललं की आधी दात, कान, पोट बघायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला पाहिजे. माहीत होतंही. पण ज्यांना माहीत होतं ते रजेवर होते, आणि कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं. नंतर त्यांनी नोंदीच्या कागदावर वरच एक चौकट छापली: "दुखतं का? तपासलं का?" माफीही मागितली, चहा-बिस्किटांसकट. तरी अकरा दिवस ते अकरा दिवस. स्टार परत देणार नाही.

उरलेला अर्धा रविवारसाठी. आठवडाभर दिवसा तीन माणसं असतात, रात्री एक जागं. रविवारी दिवसाही एकच, आणि सहा जणांना एक म्हणजे टीव्ही लावून ठेवणं आलं. चित्रांचा फळा रविवारी अर्धा रिकामा असतो. मी न सांगता जातो तेव्हा बहुतेक रविवारीच जातो, म्हणून मला माहीत आहे. (न सांगता येऊ देतात, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. जिथं भेटीला आधी परवानगी लागते तिथलं काही खरं नाही.) शिवाय सांभाळणारी पोरं टिकत नाहीत. दोन वर्षांत धाकट्याचे तीन दादा बदलले. वाटीवाला दादा शिरवळकडच्या कंपनीत लागला, दोन हजार जास्त मिळतात म्हणून. त्याला दोष कसा देऊ? पण तो गेला त्या महिन्यात ताट दोनदा भिंतीवर गेलं. आता नवीन माणूस आला की जुन्यानं पंधरा दिवस बरोबर राहायचं असं ठरलंय. ठरलंय म्हणतात. बघू.

पैशाचं उघड बोलतो, कारण लोक हेच विचारायला लाजतात. अनामत दीड लाख, महिना सव्वीस हजार, औषधं आणि डायपर लागत असतील तर वेगळे. आम्हाला लागत नाहीत. दरवर्षी वाढ. एसटीवाल्याचं पेन्शन ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफवालं, ते सांगण्यासारखं नसतं. ग्रॅच्युइटी एफडीत होती, गावाकडची पाऊण एकर विकली, आणि निम्मं आमची मोठी देते. ती म्हणते, "बाबा, हा तुमचाच नाही, माझाही आहे." जावई मध्ये बोलत नाहीत, ते त्यांचे उपकार. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी राष्ट्रीय न्यासाच्या "समर्थ-कम-घरौंदा" या निवासी योजनेखाली आपल्या भागात केंद्र आहे का ते आधी विचारावं. आणि बदलापूरची "आधार" संस्था तर मोठ्या वयाच्या मुलांच्या पालकांनी मिळून उभी केलेली. जमिनीचा तुकडा विकायच्या आधी असं सगळं विचारून घ्यावं. मी नंतर विचारलं.

आमच्यानंतर काय, या प्रश्नाला संस्थेकडं उत्तर नाही. मीही त्यांच्याकडून अपेक्षा केली नाही. पालकत्वाच्या कागदावर पुढं मोठीचं नाव लागेल एवढी सोय बघतोय.

घरातल्या बाकीच्या पाच जणांबद्दल लिहित नाही, ते त्यांच्या घरच्यांनी लिहावं. एवढंच की त्यातल्या एकाला गाण्याची एकच ओळ येते, दिवसभर तीच. धाकट्याला पहिले चार महिने ते अजिबात खपायचं नाही. आता ओळ सुरू झाली की तो उठून वरच्या मजल्यावर जातो. जातो आणि परत येतो, कुणी न सांगता. तेहतीस वर्षांत आवडत नाही म्हणून खोलीतून उठून गेलाय असं मी पहिल्यांदा बघितलं. बावन्नवाले काका त्याच्या ताटात रोज लोणच्याची फोड ठेवतात. तो खात नाही. ते ठेवतात.

चहाचं शेवटी ठेवलं होतं.

चहा तो शिकला अकरा महिन्यांत. ओट्यावर सात चित्रं लावलेली: पातेलं, पाणी, साखर दोन चमचे, पावडर, गॅस, दूध, गाळणं. गॅस अजून दादा लावतो, बाकी तो. पहिल्यांदा त्यानं केलेला चहा मी प्यालो तेव्हा साखरेचा पाकच होता. मला डायबेटिस. हिनं डोळ्यांनी दटावलं, पण तो समोर उभा, कप रिकामा होतो की नाही बघत. काय करणार? चित्रात दोन चमचे आहेत म्हणजे दोन. चार भेटी असंच चाललं, आणि माझी साखर वर गेली ती गेलीच. मग मॅडमना सांगितलं. त्या रजेवरून नुकत्या आल्या होत्या. त्यांनी माझा फोटो लावून वेगळी चित्रं केली, त्यात साखरेच्या चमच्यावर फुली. धाकट्यानं ते चित्र फाडलं. दुसरं लावलं, तेही फाडलं. तिसरं प्लास्टिक चढवून लावलं. तीन आठवडे तो ओट्याकडं फिरकला नाही. मी म्हटलं, जाऊ द्या मॅडम, मी गोळी वाढवून घेतो माझी. त्या हसल्या, म्हणाल्या, "उंब्रज, काका."

गेल्या शनिवारी गेलो होतो. दोन पातेली. एक मोठं, सगळ्यांचं. एक लहान. लहानात त्यानं पाणी घातलं, माझ्या फोटोकडं बघितलं, साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, आणि तो तसाच धरून उभा राहिला. दादा खिडकीशी टेकलेला, गप्प. मग चमचा परत डब्यात रिकामा केला. दूध उतू जायच्या बेताला आलं. मी गॅसकडं हात नेला.

"उंब्रज," तो म्हणाला.

मी हात मागं घेतला.